१२ आठवडे, ४ स्टार. रात्री ताबा सुटून खाणाऱ्यांसाठी लिहिलंय, लांब आहे पण वाचा

४ स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली सांगते, पण आधी मी लातूरच्या या सेंटरला कशासाठी गेलते ते सांगावं लागंल, कारण बाहेर बोर्डावर नुसतं "आहार व वर्तन सल्ला" लिहिलंय आणि त्यावरून आत काय चालतं ते कुणालाच कळत नाही, मला स्वतःला वाटलतं की वजन कमी करायचं अजून एक दुकान असंल.

माझी लातूरला मेस आहे, ११ वर्षं झाली. नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या) तयारीला आलेली पोरं-पोरी, सध्या ६४ डबे आणि वर २०-२२ जणं बसून जेवणारी. पहाटे साडेचारला उठायचं, कणीक तिंबायची, नाश्त्याचे पोहे, दहाला डबे निघाले पाहिजेत, ते निघाले की संध्याकाळची भाजी निवडायला घ्यायची. दिवसभरात माझ्या पोटात काय जायचं तर चहा, परत चहा, आणि दुपारी तीनच्या सुमारास अर्धी भाकर तीपण उभ्या उभ्या. आमच्या जावा म्हणायच्या, "तुमी तर कायच खात नाहीत वैनी, तरी अंग कसं काय सुटलं?" मी गप बसायचे, कारण रात्रीचं कुणाला माहीत नव्हतं.

रात्रीचं सांगते. साडेदहाला भांडी घासणारी बाई गेली, हे झोपले, सासूबाई झोपल्या, की मी किचनचा लाईट बंद करायचे. फ्रिज उघडा ठेवायचा, तेवढा उजेड बास. उरलेल्या पोळ्यांचा डबा असायचाच. पहिली पोळी गूळ आणि शेंगदाण्याचा कूट लावून, ती गोड लागायची. दुसरी पण लागायची. तिसरीपासून तोंडाला चवच कळायची नाही, तरी हात चालूच. पाच, सहा, मग फरसाण, मग दुपारची जिलेबी उरली असली तर ती, थंड भात असला तर त्यावर तेल आणि चटणी घालून तोही. फरसाणची पिशवी मी दुपारीच कात्रीनं कापून स्टीलच्या डब्यात ओतून ठेवायचे, का तर रात्री पिशवीचा चुरचुर आवाज होऊ नये. म्हणजे दुपारी दोन वाजता मला माहीत असायचं की रात्री हे होणार आहे, आणि तरी मी ते थांबवू शकत नव्हते. पाऊण तास चालायचं. मग पोट दगडासारखं व्हायचं, डाव्या कुशीवर पडून रहायचं आणि ठरवायचं की उद्या फक्त चहा. आठवड्यातून चार-पाच रात्री, तीन वर्षं हे चाललं.

या तीन वर्षांत इलाज केले नाहीत असं नाही. एका ठिकाणी पावडरचं शेक प्यायला लावलं, सकाळी शेक, रात्री शेक, तीन महिन्यात ९ किलो उतरलं, सगळ्यांनी फोटो काढले, आणि पुढच्या सहा महिन्यात १३ किलो परत चढलं. एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून म्हणलं, "तोंडाला कुलूप लावा." दोन्हीकडं एकानंही विचारलं नाही की ताई तुमी खाता कसं. काय खाता आणि किती खाता हे सगळे विचारतात. कसं खाता हे कुणी विचारत नाही.

इथं मी पेशंट म्हणून गेलेच नव्हते. माझ्या मेसमधली एक पोरगी, परभणीकडची, १७ वर्षांची. तिच्या खोलीत गादीखाली बिस्किटाचे रिकामे पुडे सापडले, रूमवालीनं बोंबाबोंब केली, पोरगी रडून बेजार. तिची आई आली, तिला लातूरची काय माहिती नाही, म्हणून मी सोबत गेले. समुपदेशक मॅडम म्हणल्या मावशींना बसू दे का, पोरगी बसू द्या म्हणली. आणि मॅडमनी तिला शांतपणे विचारायला सुरुवात केली. खाताना असं होतं का की थांबावं वाटतंय पण थांबता येत नाही? भूक नसताना खाल्लं जातं? नेहमीपेक्षा भरभर? पोट दुखंपर्यंत? कुणी बघू नये म्हणून एकटी असताना? नंतर स्वतःचा राग येतो, घाण वाटतं? पोरगी एकेकाला हो म्हणत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर पदर तोंडाला लावून बसले होते, कारण प्रत्येकाचं उत्तर माझं पण तेच होतं. बाहेर आल्यावर काऊंटरला जाऊन मी माझ्या नावाचा केसपेपर काढला.

तर हे सेंटर म्हणजे काय ते आता. तीन माणसं आहेत, एक फिजिशियन डॉक्टर सर (आठवड्यातून दोनदा येतात), एक समुपदेशक मॅडम आणि एक आहारतज्ज्ञ मॅडम, वयानं लहान आहेत पण ऐकून घेतात. पहिल्या तपासणीचे ५०० घेतले. १२ आठवड्यांच्या गटाचे ४,५००, रक्ताच्या तपासण्या वेगळ्या, त्या कुठूनही करून आणा म्हणतात, इथूनच करा असा आग्रह नाही, हे मला आवडलं. गट मंगळवार आणि शुक्रवार, चार ते साडेपाच, मेसवाल्या बाईला सोयीचा तेवढाच वेळ असतो. आम्ही दहा जण होतो, आठ बाया आणि दोन पुरुष. पुरुष बघून मला आश्चर्य वाटलतं. त्यातले एक अडतीवर कामाला, सोयाबीनच्या सीझनमध्ये दिवसभर पाण्याचा घोट नाही आणि रात्री ढाब्यावर एकटे बसून तीन माणसांचं जेवण, घरी येऊन परत बायकोच्या हातचं, ती नाराज व्हायला नको म्हणून. त्यांनी पहिल्यांदा हे बोलून दाखवलं तेव्हा अख्खा गट गप झाला होता.

पहिल्या दिवशी सरांनी सांगितलं की याला नाव आहे. बिंज इटिंग डिसऑर्डर. १९५९ सालीच स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय, पण तिकडच्या मानसोपचारवाल्यांच्या यादीत स्वतंत्र आजार म्हणून यायला २०१३ उजाडलं. सरासरी आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने असं होत असलं तर तो आजार धरतात. मला इतकं हलकं वाटलं काय सांगू. तीन वर्षं मी स्वतःला हावरट म्हणत होते.

मी तिथं एक शंका विचारली जी तुमच्यापण मनात असंल. म्हणलं सर, येळवसला (वेळ अमावस्येच्या सणाला) आमी शेतात जातो, भज्जी, आंबील, उंडे, खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, त्या दिवशी तर सगळेच पोटाला तडस लागंपर्यंत खातात, मग सगळेच आजारी का? सर हसले नाहीत, नीट उत्तर दिलं. म्हणले येळवसला तुमी किती लोकांत बसता? मी म्हणलं पंचवीस-तीस. लपवता का? नाही. नंतर स्वतःचा राग येतो का? नाही, कोपीपाशी (शेतातल्या खोपीपाशी) झोप येते. म्हणले मग ते जास्त खाणं झालं, ताबा सुटणं नाही. ताबा सुटणं म्हणजे गाडीचा ब्रेक दाबलाय आणि गाडी थांबत नाही. आणि उलट पण असतं, एखाद्याचा ब्रेक दोनच पोळ्यांवर निकामी होतो, बघणाऱ्याला वाटंल किती थोडं खाल्लं, पण आत घालमेल तीच. लेकरांमध्ये तर प्रमाणावर फार भर देत नाहीत म्हणले, कारण वाढत्या वयाच्या पोरानं किती खाल्लं म्हणजे जास्त हे ठरवणार कसं, तिथं ताबा गेला का हेच विचारायचं. त्या परभणीच्या पोरीचं तसंच होतं, एक बिस्किटचा पुडा, पण रोज, रडत.

आता वजन आणि हार्टचं, कारण माझ्यासारखी बरीच जणं समजतात की हे मनाचं खूळ आहे, शरीराचं नाही. सरांनी माझा रिपोर्ट समोर ठेवला आणि पेननं गोल केले. पाच गोष्टी बघायच्या म्हणले. कंबर, बाईची ८० सेंटीमीटरच्या आत पाहिजे (पुरुषाची ९०), माझी ९८. ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली चरबी १५० च्या आत, माझं २६८. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, बाईचं ५० च्या वर (पुरुषाचं ४० च्या वर), माझं ३८. बीपी १३०/८५ च्या खाली, माझं १४८/९४. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत, माझी १४२, आणि एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४, ती साडेसहाला पोचली की डायबिटीस. पाचातल्या तीन बिघडल्या तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोका वाढतो. माझ्या पाचही बिघडलेल्या. वय ४२.

मी विचारलं हे सगळं जाड असल्यामुळं ना? तर म्हणले वजनाचा वाटा मोठा आहेच, रोजच्या जेवणावर रात्रीचं हजार-दीड हजार कॅलरीचं खाणं पडलं तर वजन वाढणारच, आणि आपल्या भारतीयांची चरबी पोटाभोवती लवकर साठते म्हणून तर आपल्याला बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ लाच लठ्ठ धरतात, गोऱ्या लोकांना ३० ला धरतात. पण नुसतं वजन नाही. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, त्यात १३४ जणं बिंज इटिंगवाले आणि १३४ जणं बिनआजाराचे, दोन्हीकडचं वजन, वय सारखं धरून अडीच ते पाच वर्षं बघितले, आणि ताबा सुटणाऱ्यांमध्ये बीपी, साखर, चरबीची दुखणी नव्यानं जास्त निघाली. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या शेजारणीपेक्षा माझा धोका जास्त.

असं का होतं तेपण कागदावर काढून दाखवलं. दिवसभर उपाशी आणि रात्री साडेदहाला एकदम मैदा, गूळ, तेल, मीठ. साखर झपकन वर जाते, इन्सुलिन धावतं, वरून लगेच आडवं व्हायचं म्हणजे ती शक्ती वापरली जात नाही, लिव्हर तिची चरबी करतं, थोडी स्वतःत साठवतं आणि बाकीची ट्रायग्लिसराईड म्हणून रक्तात सोडतं. फरसाणातलं मीठ पाणी धरून ठेवतं, बीपी वर. हे आठवड्यातून पाच रात्री, वर्षानुवर्षं, म्हणल्यावर हार्टच्या नळ्यांना आराम कधी? मला माझ्या गॅस शेगडीच्या पाईपची आठवण आली, आतून तेलकट होत होत कधी चोंदतो कळतच नाही.

आपल्या देशात १०.१ कोटी लोकांना डायबिटीस आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर, असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात आलंय. त्यातल्या किती जणांना डॉक्टरनं विचारलं असंल की रात्री एकटं असताना काय होतं म्हणून? शुगरच्या तपासणीला पैसे देतो आपण, हा प्रश्न तर फुकट आहे.

आता उपचार. मला वाटलतं इथंपण चार्ट देतील, हे बंद ते बंद. पहिल्या आठवड्यात मॅडमनी काय सांगितलं असंल? सकाळी साडेसातला नाश्ता करा. बस. मी म्हणलं मॅडम मी वजन कमी करायला आले, तुमी खायला लावलालाव! त्या म्हणल्या ताई, तुमचं रात्रीचं खाणं रात्री साडेदहाला सुरू होत नाही, ते सकाळी सुरू होतं, तुमी नाश्ता टाळता तेव्हा. आपल्याकडं म्हण आहेच, एकादशी दुप्पट खाशी. दिवसभर शरीराला दुष्काळ दाखवायचा आणि रात्री भरल्या धान्याच्या खोलीत एकटं सोडायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला अमेरिकेत ३६ धडधाकट तरुणांना मुद्दाम सहा महिने अर्धपोटी ठेवून बघितलं होतं, नंतर जेवण मोकळं केल्यावर त्यातले काहीजणं थांबताच येईना असं खात सुटले, पोट भरलं तरी भूक जाईना. ती पोरं काय हावरट नव्हती. हे ऐकलं आणि माझा तो पावडरचा शेक आठवला. ९ किलो उतरून १३ का चढलं ते त्या दिवशी कळलं.

तर नियम एकच, तीन जेवणं आणि मधी दोन वेळा काहीतरी, साडेतीन-चार तासाच्या वर गॅप नाही, भूक असो नसो. साडेसातला दोन धपाटे नाहीतर पोहे, साडेदहाला डबे गेले की मूठभर फुटाणे आणि ताक, एक वाजता भाकरी, भाजी, वरण, बसून. साडेचारला फळ नाहीतर भिजवलेली मटकी. रात्री आठला जेवण, पोरांच्या पंगतीबरोबर. पहिले दोन आठवडे मला इतकी भीती वाटायची की आता मी अजून फुगणार, पण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस रात्री दहाला मी किचन आवरत होते आणि ध्यानात आलं की डब्याकडं बघितलंच नाही.

दुसरं वहीचं. दोनशे पानी वही, खाल्लं की लगेच लिहायचं. काय खाल्लं, कुठं, बसून का उभं, भूक ० ते १० मध्ये किती, आणि त्याच्या आधी काय घडलं. कॅलरी लिहायची नाही. माझ्या वहीत चौथ्या आठवड्याला मॅडमनी बोट ठेवलं, "ताई बघा, ज्या ज्या रात्री झटका आला, म्हणजे ताबा सुटून खाल्लं, त्या त्या दिवशी उधारीवरून कुणाशीतरी वाद झालाय." खरंच होतं. महिना सरत आला की पालकांना पैशासाठी फोन करावे लागतात, त्यांच्या घरी पाऊस नाही, सोयाबीनला भाव नाही, त्यांना बोलायलाही जीव होत नाही आणि किराणावाला तर माझ्याकडं मागतोच. ते सगळं मी रात्री फरसाणाबरोबर गिळत होते. आता उधारीचे फोन मी सकाळी अकराला करते आणि आमच्या ह्यांना शेजारी बसवते. वाद काय संपले नाहीत, पण एकटीवर येत नाहीत.

तिसरं म्हणजे लाट. खायची ओढ आली की मॅडम म्हणतात लढू नका, २० मिनिटं थांबा, ती वर चढते आणि आपोआप उतरते. मी घड्याळ लावून ओसरीवर जाऊन लसूण सोलत बसायचे. पहिल्यांदा अकरा मिनिटाला उठले आणि खाल्लं. लिहून आणलं. कुणी रागावलं नाही, गटातल्या एक काकू म्हणल्या, "अकरा मिनिटं तर थांबलीस की माय." ते वाक्य अजून माझ्या वहीत आहे.

आणि आठव्या आठवड्याचं सांगायलाच पाहिजे. ज्या पदार्थाची सगळ्यात जास्त भीती वाटते तो घेऊन या म्हणले. मी फरसाण नेलं, पाव किलो. एकेकानं आपली वाटी भरायची, बसायचं, हळूहळू खायचं, आणि बोलायचं. माझा हात थरथरत होता. तीन वर्षं मी फरसाण फक्त अंधारात खाल्लं होतं, त्यात शेंगदाणे तळलेले असतात आणि मधी बडीशेप लागते हे मला त्या दिवशी कळलं. अर्धी वाटी झाली आणि मला नको वाटलं. नको वाटलं! उरलेलं घरी नेलं, सासूबाईंना दिलं. कुठलाच पदार्थ कायमचा बंद करायचा नाही असं यांचं म्हणणं आहे, बंद केलेलीच गोष्ट रात्री हाका मारते. डायबिटीस असल्यामुळं गोडाचं प्रमाण मात्र सर ठरवून देतात, मोकळं रान नाही.

या सगळ्याला सीबीटी म्हणतात, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायचा उपचार, आणि या आजारात जगभर पहिला उपचार हाच धरतात. या लोकांचा खरेपणा असा की पहिल्याच दिवशी सांगितलं, यानं झटके कमी होतील पण वजन लई उतरंल अशी आशा धरू नका. माझं तसंच झालं. १२ आठवड्यात ८६ चं ८३ झालं. शेकवाल्यांनी यापेक्षा तिप्पट उतरवलं होतं. पण रात्रीचे झटके चार-पाचवरून पंधरवड्याला एक, ट्रायग्लिसराईड २६८ वरून १८४, एचबीएवनसी ६.७, बीपी १३२/८६. गोळ्या चालू आहेत, बीपीची पण आणि शुगरची पण, सगळं श्रेय मी वहीला देत नाही. पण गोळ्या तर मी आधीपण दीड वर्ष घेत होते आणि आकडे हलत नव्हते.

गोळ्यांवरून एक महत्त्वाचं, शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस दिसंल ते तोंडात घालतं. माझ्या काही दुपारी तसंच व्हायचं आणि मी त्यालापण हावरटपणाच समजत होते. सरांनी गोळी बदलली. तुमी मनानं बदलू नका, पण डॉक्टरला विचारा जरूर. आणि गटातल्या एका ताईनं पुण्याला वजनाचं ऑपरेशन करून घेतलतं, दोन वर्षानं वजन परत चढायला लागलं म्हणून इथं आलत्या. सर म्हणले पोट लहान करता येतं, पण ताबा सुटायचं तसंच राहिलं तर वजन परत चढायची भीती असते, म्हणून ऑपरेशन झाल्यावरपण याच्याकडं बघावंच लागतं.

आता एक स्टार का कापला. सेंटर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि माझ्या १२ आठवड्यात लिफ्ट सात वेळा बंद होती. गुडघे दुखणारी, शंभर किलोची माणसं जिथं येणार तिथं हे चालत नाही, एक मावशी दुसऱ्या मजल्यावरून परत गेलेल्या मी बघितल्यात. दुसरं, वजनकाटा सुरुवातीला पॅसेजमध्ये होता, सगळ्यांसमोर उभं रहायचं आणि सिस्टर आकडा मोठ्यानं सांगणार. मी आणि अजून दोघींनी सांगितल्यावर काटा आत नेला, ते चांगलं केलं, पण आधीच सुचायला पाहिजे होतं. बीपीचा पट्टापण एकच साईजचा होता. जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगीच जास्त दाखवतं, सरांनी स्वतःच सांगितलं आणि नंतर मोठा मागवला (वर लिहिलेले आकडे मोठ्या पट्ट्याचेच आहेत). आहाराचा छापील कागद कुठल्यातरी मोठ्या शहरातून आणलेला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑईल, ज्वारीचं नावसुद्धा नाही. बाजूला पेननं "भाकरी चालेल" लिहून देतात. लातूरला बसून भाकरी पेननं लिहावी लागते हे मला पटलं नाही. आणि वेटिंगमध्ये एक पोस्टर आहे, बारीक कंबरेच्या बाईचं, हातात सफरचंद. आत सांगतात आकड्यामागं धावू नका आणि बाहेर ती बाई बघत असते. दोनदा बोलले, अजून तिथंच आहे. ते काढा हो प्लीज, तिथं बसून रडलेली मी एकटीच नसेन.

पुरुषांना आणि नोकरीवाल्यांना संध्याकाळची नाहीतर रविवारची बॅच पाहिजे, ते अडतवाले दादा सीझन सुरू झाल्यावर चार आठवडे येऊ शकले नाहीत. ज्यांना ४,५०० जड जातात त्यांनी सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला दाखवावं, आणि टेली मानस म्हणून सरकारचा १४४१६ नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, रात्रीपण उचलतात. रात्रीचं महत्त्व मला विचारा.

परभणीच्या पोरीचं पण सांगते, तिनं हो म्हणल्यावरच लिहितेय. तिचे गटात नाही, एकटीचे सेशन झाले, वय लहान म्हणून आईलापण बोलावलं. टेस्टमध्ये मार्क कमी आले की तिचं सुरू व्हायचं. तिच्या आईला मॅडमनी एवढंच सांगितलं की फोनवर पहिला प्रश्न मार्काचा विचारू नका, जेवलीस का हापण नाही, आज काय केलंस असं विचारा. आता ती आठच्या पंगतीला माझ्या शेजारी बसते. आमी दोघी ताटातली पोळी संपंपर्यंत उठत नाही आणि दुसरी पाहिजे असली तर सगळ्यांसमोर मागून घेतो. मेसमध्ये मीपण एक बदल केला, रात्री उरलेलं दहाच्या आत वाटून टाकते, आणि कुठल्याच लेकराला "किती खातोस रे" असं म्हणायचं नाही हे वाढणाऱ्या दोघींना बजावून ठेवलंय.

ज्यांना जायचंय त्यांनी दुपारी दोननंतर फोन करा, सकाळी उचलत नाहीत. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. लिफ्ट चालू आहे का ते फोनवरच विचारा. आणि उपाशी जाऊ नका, मी पहिल्या दिवशी काट्यावर वजन कमी दिसावं म्हणून पाणीसुद्धा न पिता गेलते, आणि खुर्चीत बसल्या बसल्या मॅडमनी पहिलं तेच विचारलं, सकाळपासून काय खाल्लंय ताई?